बाईंचा बुडबुडा

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल बाईंच्या इमारतीत पूर्ण एकमत होतं. फार काही करू नये. कुंड्यांना पाणी घालावं, जिन्यात भेटेल त्याला गुडघ्यांची हकीकत सांगावी आणि दुपारी जरा आडवं व्हावं. बाईंनी शाळेत पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं, तेव्हा एवढा आराम त्यांना कोणी नाकारला नसता. पण निवृत्तीला सात महिने झाले आणि एके सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं की त्या एक बुडबुडा फोडणार आहेत.

"फोड की," हेडक्लार्क वर्तमानपत्रामागून म्हणाले. "त्यात मला काय विचारायचं?"

हेडक्लार्क म्हणजे बाईंचे यजमान. एका सरकारी खात्याच्या जुन्या कागदपत्रांचा विभाग त्यांनी तेहेतीस वर्षं सांभाळला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इमारतीत, किराणा दुकानात आणि थोडेफार घरातही ते हेडक्लार्कच होते.

"टाचणीने नाही हो. आकड्यांत फोडायचाय. आत काय काय घडतं ते गणिताने काढायचं."

वर्तमानपत्र खाली आलं. आकडे आणि कागद यांचा वास आला की हेडक्लार्कांचा चेहरा असाच उजळे.

झालं होतं असं की बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आता कॉलेजात प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती. बाईंना मुलांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत, बाक मात्र पक्के लक्षात राहिले. त्यामुळे ही प्रमुख, दोन पदव्या आणि चष्म्याचा मोठा नंबर मिळवूनही, बाईंच्या लेखी 'तिसरा बाक, खिडकीकडचा' एवढीच होती. तर या तिसऱ्या बाकाने पाण्याच्या भांड्यात कानाला ऐकू न येणारा जबर आवाज सोडायचा उद्योग चालवला होता. अशा आवाजाने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात, फुगतात, आणि मग एकदम मिटतात. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो तो हवा दाबली जाते म्हणून. इथे तोच प्रकार, पण असा काही झटक्यात की बुडबुड्याच्या पोटात क्षणभर पाच हजार अंश उष्णता होते आणि तिथली पाण्याची वाफ तुटून तिचे तुकडे होतात. ते तुकडे बाहेरच्या पाण्यात येऊन जोड्या जमवतात आणि त्यातून जंतू मारणारं औषध तयार होतं, पेरॉक्साईड. किती झालं ते भांड्यात मोजता येतं. पण तेवढंच का झालं, हे सांगायला आतला हिशोब मांडावा लागतो, आणि तो मांडायला तिसऱ्या बाकाकडे माणूस नव्हता.

"दोन महिन्यांनी शुक्रवारी चर्चासत्र आहे, बाई," ती म्हणाली होती. "पंधरा मिनिटं ठेवलीत. तुमचं गणित जुळलं तर तुम्ही बोला. नाही जुळलं तर बाहेरगावचे एक रसायनशास्त्राचे डॉक्टर येणारच आहेत, ते त्यांच्या पद्धतीने सांगतील काहीतरी."

बाईंनी हे ऐकलं आणि त्यांची झोप उडाली. पस्तीस वर्षं त्यांनी जी गणितं सोडवून घेतली त्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेली असत. मुलं आधी ती पानं उघडत आणि मग उलट्या दिशेने गणित करत. बाई त्यांना रागवत, पण मनातून त्यांनाही ठाऊक होतं की उत्तर त्यांच्याही आधी कोणीतरी काढून ठेवलेलं आहे. जन्मात एकदा, ज्याचं उत्तर कुठेच छापलेलं नाही असं एक गणित त्यांना सोडवायचं होतं. यात जगावेगळं काय मागितलं, असं त्या स्वतःला विचारत.

घरात संगणक होता. लेक नोकरीच्या गावी गेली तेव्हा तिचा मागे राहिला होता. ते दिवस असे होते की घरातला संगणक टेबलावर बसे, दूध तापल्यासारखा गरम होई, आतून गुरगुरे आणि घरातल्या थोरल्या माणसाइतका मान घेई. बाईंनी त्याला कापडाचं आच्छादन शिवलं होतं, झालर लावून. पण बुडबुड्याचं गणित सोडवणारा तयार प्रोग्राम कॉलेजच्या संगणक केंद्रात होता, आणि तो मिळवायला केंद्राचं सभासद व्हावं लागे.

केंद्राच्या खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज पुढे सरकवला. त्यात चार चौकोन होते. विद्यार्थी, कर्मचारी, पाहुणे व्याख्याते, पुरवठादार.

"तुम्ही कशात बसता?" गृहस्थांनी विचारलं.

"मी पाऊण तास उभीच आहे," बाई म्हणाल्या.

"तसं नाही. कुठल्या प्रकारात?"

बाई विद्यार्थी नव्हत्या, कर्मचारी नव्हत्या, आणि व्याख्यान अजून व्हायचं होतं. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि शेवटच्या चौकोनात खूण केली. खालच्या ओळीत 'काय पुरवता' असं होतं. बाईंनी मान ताठ ठेवून लिहिलं, 'बुडबुडे'. गृहस्थांनी शिक्का मारला. शिक्का मारणारा माणूस वाचत नाही, हा बाईंचा अनुभव, आणि वाचत बसला तर शिक्के कधी मारणार, हा हेडक्लार्कांचा.

घरी येऊन बाईंनी हे रागारागाने सांगितलं. हेडक्लार्कांनी अर्जाची प्रत उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "अर्ज मात्र छान आखलाय."

प्रोग्राम तीन फ्लॉपींवर आला. आता त्याला खाऊ घालायचं होतं. बुडबुड्यात कोणाकोणाची गाठ पडते, कोण फुटतं, कोण जुळतं आणि किती वेगाने, याची यादी बाईंनी पुस्तकं उपसून दोनशे पानी वहीत उतरवली होती. चव्वेचाळीस क्रिया. टंकलेखनात बाईंचं एक बोट चालत असे, तेही संशयाने. हेडक्लार्कांची दहाही बोटं चालत.

"दे इकडे," ते म्हणाले. "परवापर्यंत होईल."

परवापर्यंत झालं. त्यांनी नवी शाई घातल्यासारखा तुकतुकीत चेहरा करून फ्लॉपी बाईंच्या हातात ठेवली आणि काही न बोलता कुंड्यांना पाणी घालायला गेले. चांगलं काम केल्यावर बोलून दाखवायचं नाही, असा त्यांच्या विभागाचा शिरस्ता होता.

याच सुमाराला वरच्या मजल्यावरच्या वहिनी काही तरी मागायला आल्या आणि टेबलावरच्या कागदांवर झुकल्या. बाई शिक्षिका. कोणी कागदावर झुकलं की समजावून सांगायची त्यांना खोड. त्यांनी सांगितलं की इथे रासायनिक क्रिया होणार आहेत, पाच हजार अंशांवर, एका प्रकारच्या स्फोटात. वहिनींनी "अगंबाई, हो का," म्हटलं आणि जे मागायला आल्या होत्या ते न घेताच निघाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरींनी दारावर नोटीस डकवली. 'आपल्या राहत्या जागेत स्फोटक स्वरूपाचे प्रयोग चालू असल्याचे समजते. सबब खुलासा करावा.'

"तारीख घालायची राहिलीय," हेडक्लार्क नोटीस वाचून म्हणाले. "वर जावक क्रमांकही नाही. ही नोटीसच होत नाही." हे त्यांनी सेक्रेटरींना जाऊन सांगितलंही. आता बोला. जे प्रकरण एका कप चहावर मिटलं असतं ते त्यामुळे अग्निशमन खात्यापर्यंत गेलं.

अग्निशमन अधिकारी बुधवारी आले. उंच, थकलेले, हातात जाड रजिस्टर. त्यांच्या मागे सेक्रेटरी, सेक्रेटरींच्या मागे वहिनी, आणि जिन्यात सुरक्षित अंतरावर उरलेली इमारत.

"स्फोट कुठे होतो?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाईंनी झालर बाजूला करून पडदा दाखवला. त्यावर एक हिरवी रेघ होती.

"मोठा असतो का?"

"केसाच्या जाडीहून लहान."

"आणि चालतो किती वेळ?"

"सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातला एखादा."

अधिकाऱ्यांनी रेघेकडे पुष्कळ वेळ पाहिलं. "आमच्याकडे आग लागून गेल्यावर लोक फोन करतात," ते सेक्रेटरींकडे वळून म्हणाले. "तुम्ही लागायच्या आधी केलात, हे चांगलं आहे. पण ही आग फक्त गणितात लागते." मग त्यांनी रजिस्टरमध्ये 'आग आढळली नाही' असं लिहिलं आणि जाता जाता सेक्रेटरींच्याच दारासमोर रचलेली खोकी हलवायला सांगितली, कारण जिना अडत होता. सेक्रेटरी त्यानंतर बाईंशी बोलेनासे झाले.

सल्ल्यांना मात्र खळ नव्हता. वहिनींनी सुचवलं की फुगे फोडायचेच तर गच्चीत फोडावेत. समोरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, बुडबुडा गोल असतो, त्याचं चित्र काढणं सोपं, गणिताचा सोस कशाला. या सगळ्या प्रकरणात बाईंना गांभीर्याने घेणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे प्लंबर. तो पाण्याची टाकी बघायला आला होता. बुडबुडे म्हटल्यावर तो हसला नाही. पिशवीतून त्याने पंपातलं एक पितळी चाक काढलं. उंदराने कुरतडावं तसं ते कडेने खाल्लेलं होतं.

"हे बुडबुड्यांनी खाल्लंय," तो म्हणाला. "पंप चालू असताना आत खडे वाजल्यासारखा आवाज येतो. मालक म्हणतात पितळ खोटं. मी सांगून दमलो की बाबांनो, पितळ खरं आहे, बुडबुडे वाईट आहेत. तुम्ही करा बाई हिशोब. कोणीतरी करायलाच पाहिजे."

बाईंनी ते चाक संगणकाशेजारी ठेवून घेतलं आणि गणित चालू केलं.

तीन दिवस आणि तीन रात्री संगणक गुरगुरत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी तो थांबला, आणि पडद्यावर आकडा आला. बाईंनी तो वहीत लिहिला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. पाण्याचे एवढे तुकडे, म्हणजे पेरॉक्साईडची नुसती रेलचेल. कोणाला दिसू नये म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे एकट्याच हसल्या. मग त्यांनी तिसऱ्या बाकाला फोन केला.

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाई," ती फार मऊ आवाजात म्हणाली, "आम्ही मोजलं त्याच्या हे तीनशे पट आहे."

"तीनशे."

"एवढं झालं असतं तर भांडं धुणाऱ्या मावशींचे केस रंग उडून पांढरे झाले असते, बाई. काळजी करू नका. पाहुणे डॉक्टर आहेतच. तुम्ही शुक्रवारी नुसत्या ऐकायला या. पहिल्या रांगेत बसा."

पहिली रांग. ज्या मुलांना शिक्षा करायची त्यांना बाई पहिल्या रांगेत बसवत. तो सोमवार होता.

मग सुरू झाला शोध. बाईंनी बुडबुड्याचा आकार तपासला, दाब तपासला, आवाजाचा जोर तपासला. एक गणित करायला तीन दिवस लागतात, म्हणजे मंगळवारी सकाळपर्यंत चूक सापडली तरच शुक्रवारी सकाळी उत्तर हातात. प्लंबर येऊन म्हणाला, "कुठून तरी हवा घुसत असेल बघा." वहिनी म्हणाल्या, "नजर लागली." मास्तर म्हणाले, "मी सांगत होतो." हेडक्लार्क चहा करून आणून ठेवत आणि गार झाला की पुन्हा करून आणत.

मंगळवारी सकाळी बाईंनी शेवटचा उपाय काढला. "अहो, तुम्ही टाईप केलेली यादी वाचा. मी वहीत खुणा करते. हजेरी घेतल्यासारखं."

हेडक्लार्क वाचू लागले. स्वच्छ, सरकारी आवाज. पहिली क्रिया, हजर. दुसरी, हजर. बाई खुणा करत गेल्या. बाविसावी झाली आणि हेडक्लार्कांनी कागद खाली ठेवला.

"पुढची?"

"पुढची कुठली? संपली."

"अहो, चव्वेचाळीस आहेत."

"होत्या," हेडक्लार्क म्हणाले, आणि एवढे दिवस दाबून धरलेलं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरलं. "तुझ्या लक्षात आलं नसेल, घाईत असं होतं. त्यात बावीस दुबार नोंदी होत्या. मी काढून टाकल्या."

"दुबार," बाई म्हणाल्या.

"हे बघ ना. पहिली क्रिया: पाणी फुटून त्याचे दोन तुकडे होतात. तेविसावी: तेच दोन तुकडे जुळून पाणी होतं. मंडळी तीच, फक्त उलटी लिहिलेली. प्रत्येकीचं तसंच. पुढचे वेगाचे आकडे तेवढे जुळत नव्हते. आमच्याकडे नियम आहे, दोन नोंदींत तफावत असेल तर आधीची ग्राह्य धरायची. वर एकूण चव्वेचाळीस लिहिलं होतं तेही बावीस केलं. बेरीज चुकलेली फाईल मी कधी पुढे पाठवली नाही."

बाईंनी डोळे मिटले. रागावताना त्यांचा आवाज नेहमी खाली जाई. शाळेत त्या आवाजाला मागचा बाकसुद्धा घाबरे.

"तुम्ही रोज सकाळी ऑफिसला जात होतात," त्या म्हणाल्या.

"तेहेतीस वर्षं. उशीर कधी नाही."

"आणि संध्याकाळी घरी येत होतात. माणूस तोच, रस्ता तोच, फक्त उलटा. ती येण्याची नोंद कोणी दुबार म्हणून खोडली असती तर?"

हेडक्लार्कांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे कबूल केलं पाहिजे.

"तर मी अजून ऑफिसातच असतो," ते म्हणाले.

"माझं पाणी तसं झालंय. फुटून बाहेर गेलं, आणि परत यायला तुम्ही रस्ताच ठेवला नाहीत. मग तुकडे साठतील नाहीतर काय होईल?"

हेडक्लार्क उठले. त्यांनी खुर्ची संगणकापुढे ओढली, दोनशे पानी वही उघडली आणि टाईप करायला लागले. बावीस नोंदी, एकेक अक्षर जुळवून. नऊ वाजता यादी पूर्ण झाली. ती त्यांनी स्वतः तीनदा वाचली, आणि वर बावीसचे चव्वेचाळीस केले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. दहाच्या आत गणित चालू झालं. मग त्यांनी संगणकाच्या बटणावर कागद चिकटवला, 'हात लावू नये', आणि खाली तारीख घालून सही केली.

शुक्रवारी सकाळी बाई दारात चपला घालून उभ्या होत्या तेव्हा संगणक थांबला. आकडा आला होता. मोजलेल्याच्या दीडपट. अशा कामात दीडपट म्हणजे शेजारच्याच घरात. बाईंनी फोन लावला. तिसरा बाक म्हणाली, "बाई, पारदर्शिका घेऊन या. पंधरा मिनिटं तुमची."

सभागृह लहान होतं, खुर्च्या करकरणाऱ्या. प्रोजेक्टरच्या काचेवर बाईंनी आपल्या अक्षरात लिहिलेली पारदर्शिका ठेवली आणि भिंतीवर ते अक्षर हातभर झालं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या बाईला आपलं अक्षर बघून भरून यावं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. हेडक्लार्क शेवटच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. त्यांनी सकाळपासून घास घेतला नव्हता.

बाई चांगल्या बोलल्या. त्यांना वर्ग सांभाळता येत होता. बुडबुडा फुगला, मिटला, तापला, पाणी फुटलं, बरंचसं पुन्हा जुळलं, आणि उरलं ते एवढं. मग पाहुणे डॉक्टर उठले. उंची सूट, सोनेरी पेन.

"एक विचारू का? तुम्ही उलट्या क्रिया धरल्यात, ते उत्तम. पण त्या न धरता काय होतं, हेही तपासून बघितलंत का? पुष्कळ लोक तेवढं करत नाहीत, आणि मग त्या क्रियांचं वजन किती ते कळत नाही."

तिसऱ्या बाकाने खाली पाहिलं. बाईंना कळलं की 'हो, तपासलं' एवढे दोन शब्द बोलले की सगळं पार पडतंय. कोणाला पत्ता लागणार नव्हता. पण कॉपी केलीस का, असं विचारून पस्तीस वर्षं मुलांना रडवणाऱ्या बाईच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात.

"तपासलं नाही," त्या म्हणाल्या. "घडलं. आमच्या घरी यादी टाईप करताना उलट्या क्रिया दुबार समजून काढल्या गेल्या. उत्तर तीनशे पट आलं. तीन दिवसांचं गणित आहे, आकडे सगळे माझ्या वहीत आहेत. चूक आमचीच होती."

शेवटच्या रांगेत खुर्ची करकरली. हेडक्लार्क उभे राहिले होते. "चूक माझी," ते म्हणाले. "हिची नाही. यादी मी केली. नोंद असावी."

सगळं सभागृह हसलं. पण ते हसणं चांगलं होतं, त्याला धार नव्हती. पाहुणे डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते पुढे आले, थेट टेबलापाशी.

"तीनशे पट," ते म्हणाले. "म्हणजे तुटलेल्या पाण्यापैकी बहुतेक सगळं आतच पुन्हा जुळतं. हे आजवर मी नुसतं गृहीत धरत आलो. दोन्ही आकडे देता मला? हा आणि तो?"

बाईंनी वही उघडली. त्यांनी आकडे सांगितले आणि सोनेरी पेनाने डॉक्टर ते उतरवून घेऊ लागले. एका बुडबुड्याच्या एका मिटण्यात इतके मोल, दहाचा उणे सतरावा घात. दोन पावलांवर तिसरा बाक उभी होती, आणि तिच्यामागे हेडक्लार्क, अजून कोणी बसा म्हटलं नाही म्हणून उभेच. बाईंची नजर सवयीने डॉक्टरांच्या लिहिण्यावर गेली. त्यांनी बोट ठेवलं.

"घाताआधी उणे लिहायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "असं लिहिलंत तर एका बुडबुड्यात अख्खं धरण मावेल."

पाहुण्या डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हो, बाई," ते म्हणाले, आणि उणे लिहिलं.